सहा पायांचा हिशेब

शास्त्रज्ञांनी आजवर कीटकांच्या सुमारे दहा लाख जातींना नावं दिली आहेत. अजिंठ्याच्या लेण्यांजवळच्या आमच्या फर्दापुरात एवढ्या लागत नाहीत. इथे दोन जातींवर भागतं: कपाशी खाणारे आणि कपाशी न खाणारे. दुसऱ्या जातीत डास, ढेकूण, पिसवा, गांधीलमाशा अशी सगळी सज्जन मंडळी येतात. ती फार तर माणसाला खातात.

अशा गावात दिवाळीच्या सुटीत पोरं गोळा करून पॉलिमर क्लेचे गोजिरवाणे किडे करायचे, ही कल्पना पुण्यातच सुचू शकते. ती माझ्या धाकट्या बहिणीला सुचली. "दादा, मुलांचा स्क्रीन टाइम कमी होईल आणि निसर्गाशी ओळख होईल," असं फोनवर सांगून तिने एक खोकं पाठवून दिलं. खोक्यातून रंगीत वड्या निघाल्या, प्लॅस्टिकची कोरणी निघाली आणि एक कागद निघाला. किडा कसा करायचा ते मोबाइलवर व्हिडिओत पाहा, असं त्या कागदावर होतं. म्हणजे स्क्रीन टाइमचा प्रश्न पहिल्याच मिनिटाला निकालात निघाला.

निसर्गाशी ओळखीचं म्हणाल, तर ओसरीवर जमलेल्या पोरांची ती आधीच झालेली होती, आणि बऱ्याचदा पायात चप्पल नसताना. एकाची डोंगराच्या पायथ्याशी कपाशी. दुसऱ्याचा बाप लेणीवर डोली उचलतो. तिसरीचा भाऊ लेणीच्या वाटेवर, टी पॉइंटला रंगीत दगड विकतो. सुटी असली तरी सकाळी वेचणीला जाऊन आलेल्या दोघींच्या केसांत अजून कापसाचे पुंजके होते. हे पुंजके पुढे पांढऱ्या वडीला जाऊन चिकटले. पॉलिमर क्ले धूळ, केस आणि तंतू असं काहीही ओढून घेते. पांढरा रंग मळताना हात धुतलेले आणि टेबल पुसलेलं असावं, असं जाणकार सांगतात. त्या जाणकारांनी कापसाच्या हंगामात सोयगाव तालुक्यात येऊन दाखवावं.

माझ्या आईने एक वडी हातात घेऊन दाबली, नाकाशी नेली आणि विचारलं, "ही कुठल्या रानातली?" कुठल्याच रानातली नाही, हे तिला सांगणं भाग होतं. पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसी. आपण शेतात पाण्याचा जो पाइप गाडतो त्याच घराण्यातली. फक्त ती मऊ राहावी म्हणून तिच्यात प्लॅस्टिसायझर घातलेला असतो. तिच्यात पाणी नसतं. त्यामुळे ती हवेत वाळत नाही, तडकत नाही. भट्टीत तापवली की मगच कडक होते. जर्मनीत केथे क्रूझे नावाच्या बाई बाहुल्या बनवण्यासाठी नावाजलेल्या होत्या. बाहुल्यांच्या डोक्यांना उपयोगी पडेल म्हणून १९३० च्या दशकाच्या अखेरीला हा पदार्थ त्यांच्याकडे आला. बाहुल्यांना तो काही मानवला नाही. त्यांची लेक फिफी मात्र त्याच्याशी खेळत बसली, आणि तिच्या त्या खेळातून पुढे 'फिमो' नावाने तो दुकानात पोचला. आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि वडी खाली ठेवली. "पाइप हाये म्हन ना सरळ," ती म्हणाली.

पोरांचे हात मात्र मातीला सरावलेले होते. पोळ्याला काळ्या मातीचे बैल करायची इथे रीत आहे. श्रावणी अमावास्येच्या आदल्या दिवशी ह्याच पोरांनी ओढ्याकाठची चिकण माती आणून बैलजोड्या केल्या होत्या. बैल करणं सोपं. चार पाय, एक वशिंड, दोन शिंगं. आणि वाळताना एखादं शिंग गळालंच, तर तो बैल मारका होता असं सांगता येतं. किड्याची तऱ्हा वेगळी. त्याला सहा पाय, आणि ते सहाच्या सहा छातीला. डोकं, छाती, पोट असे तीन भाग, आणि मोठ्यात मोठ्या पोटाला एकही पाय नाही. हा नियम पोरांना अजिबात पटला नाही. बैलाच्या पोटाखाली पाय असतात, गाढवाच्या असतात, किड्याने काय घोडं मारलंय?

तेव्हा खरा किडा बघायचं ठरलं. आणि इथे एक गोष्ट ध्यानात आली, की किडा आपण आयुष्यभर बघतो ते चप्पल उचलल्यापासून ती जमिनीवर पडेपर्यंतच्या वेळात. तेवढ्या वेळात पाय मोजून होत नाहीत. नंतर मोजावेत तर हिशेब जुळत नाही. पोरांनी झुरळ काचेच्या बरणीत धरलं, बरणी उताणी करून खालून पाहिलं, आणि ओसरीवर शांतता पसरली. पाय खरोखरच छातीला होते. "आणि ह्याच्या पायाला काटे हायेत," वेचणीला जाऊन आलेल्यांतली एक म्हणाली. मग सगळ्यांनी काटे मोजले. मग मिशा पाहिल्या. त्या अंगापेक्षा लांब निघाल्या. माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, तर तिला सगळी गल्ली एका झुरळाभोवती डोकी लावून बसलेली दिसली. ती काही न बोलता परत आत गेली आणि आतून दाराची कडी लावल्याचा आवाज आला.

मिशांचा प्रश्न गावातच सुटला. क्लेच्या बारीक मिशा मोडतात. व्हिडिओतल्या बाईंनी त्यासाठी 'क्राफ्ट वायर' वापरली होती. आमच्याकडे मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतीपंपाच्या मोटारी जळतात, त्यांतली तांब्याची बारीक तार दुकानाबाहेर गुंतवळ होऊन पडलेली असते. कमी-जास्त दाबाच्या विजेने ज्या मोटारी जाळल्या, त्यांच्या तारांच्या मिशा फर्दापूरच्या किड्यांना लाभल्या. तांबडी चकाकी, पाहिजे तसा बाक. डोळ्यांना मोहरी.

मग व्हिडिओतला पहिला धडा लागला: लेडीबर्ड. लाल गोळा, काळे ठिपके, दोन मोठे डोळे आणि खाली लांबलचक हसू. पोरं बराच वेळ बघत राहिली.

"काका, हे काऊन हसून राहिलं?"

"पोट भरलं असंल मावा खाऊन," कपाशीवाल्या पोराने परस्पर उत्तर दिलं. हा किडा त्याच्या चांगल्या ओळखीचा. कृषी खात्याच्या पत्रकांत तो ढालकिडा म्हणून येतो, आणि मित्रकीटकांच्या यादीत पहिल्या रांगेत बसतो. मावा ही पिकाचा रस शोषणारी कीड. ढालकिडा ती खातो आणि त्याची अळीही खाते. ही अळी मात्र दिसायला काळी, लांबोडी, काटेरी. तिचा आपल्या आईबापांशी काही संबंध असेल असं कुणालाही वाटत नाही, आणि म्हणून कित्येकदा शत्रू समजून तिच्यावरच फवारा मारला जातो. पोराने ढालकिडा केलाच नाही. त्याची अळी केली. ती इतकी हुबेहूब झाली, की माझ्या आईने तिच्यावर केरसुणी उगारली. मित्रकीटकांचं हेच दुर्दैव आहे, हे त्या दिवशी प्रात्यक्षिकासह सिद्ध झालं.

व्हिडिओत पुढे फुलपाखरू होतं, हसरी मधमाशी होती. मधमाशीला कुणी हात लावला नाही. लेणीच्या कड्यावर आग्या मोहोळाची पोळी लटकतात, आणि माश्या उठल्या की पर्यटकांची पळापळ होते; अशा बातम्या अधूनमधून येतातच. डोलीवाल्याच्या पोराने आग्या माशीबद्दल घरी बरंच ऐकलेलं होतं. "तिला हसताना कुनी पाह्यलं नाई," तो म्हणाला, आणि पुढे गेला.

पुढे म्हणजे बोंडअळीकडे. पोरांना ज्या किड्याबद्दल मनापासून काही म्हणायचं होतं, तो हाच. गुलाबी बोंडअळीने २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातली कपाशी पार झोपवली. बीटी बियाणं म्हणजे बोंडअळीपासून सुटका, अशी तोवर सगळ्यांची समजूत होती. अळीने ते बियाणं पचवायला शिकून घेतलं. ही पोरं तेव्हा पाळण्यात होती. पण काही घरांत सालं अशीच मोजतात: दुष्काळाचं साल, गारपिटीचं साल, बोंडअळीचं साल. शेतातली तिची पहिली खूण म्हणजे डोमकळी. अळी फुलात शिरून पाकळ्या आतून विणून टाकते, आणि फूल उमलायचं सोडून गुलाबाच्या कळीसारखं मिटून बसतं. एका पोरीने पिवळ्या क्लेची डोमकळी केली, ती कुणाही शहरी बाईने केसांत माळली असती.

पण त्या दिवसाची मुख्य कलाकृती कपाशीवाल्याची. त्याने आधी गुलाबी क्लेची तांदळाएवढी अळी केली. डोकं तपकिरी, अंगावर वळ्या. ह्या वळ्या त्याने आईच्या सुईने ओढल्या. ओढताना जिभेचं टोक बाहेर होतं आणि श्वास बंद होता. मग त्याने हिरव्या क्लेचं बोंड केलं, अळी आत ठेवली आणि बोंड मिटवलं. सांधा बोटाने घासून बुजवला. आता टेबलावर एक साधं, हिरवं, निरोगी बोंड होतं.

"अळी कुठंय?" मी विचारलं.

"आत हाये."

"मग दिसणार कशी?"

"दिसली असती तर फवारली नसती का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि कृषी विद्यापीठांचीही काहीशी तीच अडचण आहे. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाली की लवकरच बोंडात शिरते, आणि तिचं शिरल्याचं छिद्र बुजून जातं. बाहेरून बोंड ठणठणीत. आत बसलेल्या अळीला फवारणी लागत नाही. म्हणून कामगंध सापळे लावतात: मादीच्या वासाची गोळी ठेवायची, त्या वासाने नर पतंग सापळ्यात येऊन पडतात, आणि किती पडले ते मोजून पुढचं संकट ओळखायचं. हा सापळाही पोरांनी लगेच करायला घेतला. त्यात पडलेले नर करताना एका मुलीने त्यांच्या चेहऱ्यांवर पहिल्यांदाच हसू काढलं. तिचं म्हणणं, ते पडतात तेव्हा खुशीतच असतात.

तोवर रंगांची व्हायची ती गत झाली होती. पोरांचे हात पाच असोत की पंधरा, खोक्यात रंग कितीही असोत, तासाभरात सगळे रंग मिळून एकच रंग होतो. त्याला तपकिरी म्हणणं हा शिष्टाचार झाला. एवढ्या मालाचं करायचं काय? डोलीवाल्याच्या पोराने क्षणभर विचार केला आणि सांगितलं, शेणकिडा. किड्याचा रंग तयार, त्याच्या गोळीचाही रंग तयार. ओसरीवर शेणकिड्यांची रांग लागली. मागच्या पायांनी गोळी ढकलायची आणि स्वतः उलटं चालायचं, ही त्याची चाल पोरांना पाठ होती. मी त्यांना सांगितलं, की शेणकिडा रात्री आकाशगंगा बघून आपली वाट सरळ ठेवतो. स्वीडन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी ते २०१३ साली दाखवून दिलं. त्यासाठी त्यांनी किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या इवल्याशा टोप्या घातल्या. आकाश दिसेनासं झालं, तसे किडे भरकटले.

"टोपी घातली की रस्ता दिसत नाई व्हय?" पोरांनी खात्री करून घेतली.

त्यानंतर एका शेणकिड्याला पांढऱ्या क्लेची गांधी टोपी मिळाली. छाती पुढे, मिशा तांबूस, मागे भलीमोठी गोळी. तो गावातल्या कुणासारखा दिसतो यावर तात्काळ एकमत झालं. मी नाव सांगणार नाही. पुढे निवडणुका आहेत.

आता भाजणं. पॉलिमर क्लेला साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअस लागतात, आणि पाव इंच जाडीला पंधरा ते तीस मिनिटं. कमी तापली तर किडा ठिसूळ राहतो. फार तापली तर जळते, आणि जळताना हायड्रोजन क्लोराइडचा नाकाडोळ्यांना झोंबणारा धूर सोडते. म्हणून खिडक्या उघड्या हव्यात, जवळ मोठं माणूस हवं, आणि भट्टीची तबकडी खोटं बोलते म्हणून आत वेगळा तापमापक हवा. हे सगळं मी बायकोला समजावून सांगितलं आणि तिच्या केकच्या ओव्हनकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग जळगावहून एक जुना ओव्हन मागवला गेला. ज्या भांड्यात प्लॅस्टिक तापतं त्यात अन्न करू नये, असं तज्ज्ञही सांगतात; पण तिचा आक्षेप तज्ज्ञांच्या पुढचा होता. तिच्या ओव्हनमध्ये झुरळ आपल्या पायांनी गेलं तरी ती घर धुऊन काढते.

ट्रे आत गेला आणि वीज गेली. परत आली ती अशा दाबाने, की पहिल्या खेपेचे दोन पतंग काळे पडले. पोरं हिरमुसली. तेव्हा त्यांना सांगितलं, की अजिंठ्याच्या परिसरात हे मानाचं लक्षण आहे. मेजर रॉबर्ट गिल याने लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करण्यात वर्षानुवर्षं घालवली. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन नव्याने प्रती केल्या. त्यांतल्या पुष्कळ १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात जळाल्या. "म्हंजे आपले दोनच गेले," कपाशीवाला म्हणाला, आणि इतिहासाकडून कुणाला दिलासा मिळालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

भाजताना काही किड्यांची डोकी निखळली. एका ढालकिड्याचं डोकं ट्रेवर सापडलं, दुसऱ्याचं सापडलंच नाही. शेवटी दोन धडांत एक डोकं बसवावं लागलं. पण पहिल्या लेणीत जाऊन आलेल्या कुणालाही यात वावगं वाटणार नाही. तिथल्या एका खांबावर चार हरणं कोरली आहेत, आणि चौघांत मिळून डोकं एकच. ज्या हरणाकडे बघाल त्याला ते बरोबर बसतं. दीड हजार वर्षांत त्याबद्दल कुणी तक्रार केलेली नाही.

लेण्यांचा विषय निघाला तेव्हा किडे आणि माती यांचं जुनं वैरही निघालं. अजिंठ्याची चित्रं मातीच्या गिलाव्यावर आहेत. गिलाव्यात तूस, गवत, काडीकचरा. म्हणजे किड्यांना जेवणाचं ताट. पुरातत्त्व खात्याचे माजी रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि इथल्या मराठवाडा विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली मांडलं, की वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले आहेत आणि त्यामुळे तिथे कीड लागली नाही. त्यांच्या मते अजिंठ्यात भांग वापरलेली नाही, आणि तिथली निदान पाव चित्रं किड्यांनी खराब केली.

पोरांनी हे शांतपणे ऐकलं. निष्कर्ष एकमताने निघाला: "म्हंजे अजिंठ्याला फवारणी राहून गेली."

आमचे किडे मात्र सुरक्षित होते. पीव्हीसीच्या किड्याला सहसा कुठला किडा खात नाही. प्रश्न एवढाच उरला, की हे टिकाऊ किडे ठेवायचे कुठे. प्रत्येक घरातून एकच निरोप आला: आमच्याकडे आधीच आहेत.

मग टी पॉइंट. लेणीला जाणाऱ्या गाड्या इथेच थांबतात. पुढचे चारेक किलोमीटर बसने जायचं. तोवर दगडविक्रेते पाहुण्यांना गाठतात. आतून जांभळे-पांढरे चमकणारे फोडलेले गोटे, स्फटिक, झिओलाइटचे तुकडे. विक्रीची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या पक्की झालेली आहे: आधी हातात एक लहानसा खडा ठेवायचा, "फ्री गिफ्ट, नो मनी" म्हणायचं, आणि येताना माझ्याच दुकानात या, असं वचन घ्यायचं. आमच्यातल्या एकीच्या दगडविक्या भावाने आपल्या दगडांच्या कडेला एक रुमाल अंथरू दिला. त्यावर ढालकिडे, शेणकिडे आणि डोमकळ्या मांडल्या गेल्या. मधोमध बोंड. विक्रीला कपाशीवाला बसला.

मुंबईहून आलेल्या एका बाईंना शेणकिड्याची टोपी आवडली, फुलपाखरं का नाहीत याचं नवल वाटलं, आणि मग त्यांनी बोंड उचललं.

"हे केवढ्याला?"

"शंभर."

"शंभर? नुसतं कापसाचं बोंड?"

"आत अळी हाये."

बाईंनी बोंड कानाजवळ नेऊन हलवलं. "असेल. तरी बोंडाचे शंभर रुपये फार होतात."

"बोंडाचे पैसे नाहीत, ताई. बोंडाला भाव कुठंय? शंभर रुपये अळीचे."

बाईंनी पोराकडे नीट पाहिलं आणि पर्स उघडली. त्याने नोट घडी करून खिशात घातली, आणि टी पॉइंटच्या रिवाजाला जागून त्यांच्या तळहातावर एक ढालकिडा ठेवला.

"फ्री गिफ्ट," तो म्हणाला. "बोंडाजवळच ठेवा ह्याला. फवारणीचा खर्च वाचंल."